उपसा आणि झरा

दोंडाईचा म्हटलं की खानदेशाबाहेरच्या माणसाला मिरची आठवते. हंगामात बाजाराच्या बाजूने नुसतं गेलं तरी नाकातोंडात ठसका बसतो. थोडा माहितगार माणूस स्टार्चच्या कारखान्याचं नाव घेतो, प्रवासी माणूस उधना–जळगाव मार्गावरचं स्टेशन सांगतो. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापी व्हॅली रेल्वेचे रूळ या मुलखातून गेले, आणि गावाचा माल सुरतेकडेही जाऊ लागला आणि भुसावळकडेही. रेल्वेच्या कडेने आधी तारायंत्राचे खांब चालत होते. आता त्याच पट्ट्यात जमिनीखालून काचेचे तंतू जातात. रूळ कुठे जातात ते गावातलं शेंबडं पोरही सांगेल. तंतू कुठून जातात ते तुटल्याशिवाय कुणाला कळत नाही.

संपादकांनी मला साधंच काम दिलं होतं. दोंडाईच्यासारख्या गावात इंटरनेट नेमकं कसं पोचतं, ते बघून लिहा. सरकारी इतिहास चार ओळींत आटोपतो. रेल्वेच्या कडेने तंतू टाकण्यासाठी 2000 साली रेलटेल ही कंपनी निघाली. ग्रामपंचायतींपर्यंत तंतू नेण्याची योजना केंद्राने 2011 साली मंजूर केली, आणि पुढे तिचं नाव भारतनेट झालं. खाजगी कंपन्यांनी आपापल्या केबल टाकल्या. एवढं लिहून लेख संपला असता. पण गेलो, आणि एक मिलिमीटर लांबीच्या एका चिपपाशी अडकलो.

रस्त्याच्या कडेला केबल तुटली होती. पाइपलाइनसाठी चर खणताना जेसीबीचा दात लागला होता, आणि दोघेजण खड्ड्याच्या काठावर ताडपत्री टाकून जोडणीला बसले होते. पन्नाशीच्या माणसाला सगळे आप्पा म्हणत होते. हाताखाली विशीतला पोरगा. केबलच्या आत जेलीसारखा चिकट पदार्थ असतो, पाणी शिरू नये म्हणून. तो पुसून काढला की रंगीत केसांसारखे तंतू मोकळे होतात. निळा, नारंगी, हिरवा, तपकिरी, करडा, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आणि शेवटी फिका आकाशी. हा क्रम आप्पांना पाढ्यासारखा पाठ. एकेका तंतूवरचं रंगीत आवरण ते चिमट्याने ओढून काढत. आत उरते ती 125 मायक्रॉन जाडीची काच, आणि प्रकाश जातो तो तिच्या गाभ्यातल्या जेमतेम 9 मायक्रॉनमधून. अल्कोहोलने पुसायचं, क्लीव्हरवर काटकोनात तोडायचं, दोन्ही टोकं स्प्लायसिंग मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची. छोट्या पडद्यावर दोन राखाडी दांड्या एकमेकींकडे सरकतात, ठिणगी पडते, दांडी एक होते. जोडात किती प्रकाश वाया गेला त्याचा आकडा पडद्यावर येतो: 0.01 डीबी, म्हणजे डेसिबल. आप्पा मान हलवतात. 0.05 आला की पुन्हा तोडून पुन्हा जोडतात. मी बसलो होतो तेवढ्या वेळात त्यांनी एकही वाईट जोड पुढे जाऊ दिला नाही. पलीकडच्या टोकाला फोन लावून बसलेला पोरगा मधूनच ओरडायचा, "आप्पा, उनी! लाइट उनी!"

काम झाल्यावर चहा घेताना आप्पा म्हणाले, "माझं काम लॉस कमी करायचं. पण लॉस शून्य होत नाही भाऊ. काच ती काचच." मग त्यांनी पिशवीतून बोटभर लांबीचं एक धातूचं मॉड्यूल काढून माझ्या हातावर ठेवलं. "गेलेलं परत मिळवायचं काम ह्याचं."

त्यांचं म्हणणं आकड्यांत मांडायला सोपं आहे. 1310 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश चांगल्या तंतूत दर किलोमीटरला सुमारे 0.35 डीबी गमावतो. म्हणजे साडेआठ किलोमीटरला प्रकाश निम्मा, सतराला पाव. दोंडाईच्यापासून साठ किलोमीटरच्या पल्ल्यावर, म्हणजे साधारण धुळ्याएवढ्या अंतरावर, सव्वाशेवा हिस्सा उरतो. ऐंशी किलोमीटरवर सहाशे तिसावा. आप्पांनी हातावर ठेवलेलं मॉड्यूल नेमकं त्या ऐंशी किलोमीटरच्या पल्ल्याचं होतं. सेकंदाला शंभर गिगाबिट, तेही चार वेगवेगळ्या तरंगलांबींवर पंचवीस-पंचवीस गिगाबिट वाटून. 1295 ते 1310 नॅनोमीटरच्या पट्ट्यात चारही तरंगलांबी शेजारी शेजारी बसलेल्या. इतका विरळ झालेला प्रकाश ओळखायचा तर ओळखण्याआधी तो वाढवला पाहिजे. त्यासाठी या मॉड्यूलच्या प्रकाश घेणाऱ्या बाजूला सेमीकंडक्टर ऑप्टिकल ॲम्प्लिफायर असतो. जाणकार त्याला एसओए म्हणतात.

एसओए म्हणजे लेझर होऊ न दिलेला लेझर. इंडियम, गॅलियम, आर्सेनिक आणि फॉस्फरस यांच्या मिश्रणाचा बारीक पट्टा, त्यातून विजेचा प्रवाह. प्रवाह इलेक्ट्रॉनांना वरच्या पातळीवर नेऊन ठेवतो. प्रकाशाचा कण आत आला की वरचा इलेक्ट्रॉन खाली उतरतो आणि अगदी तसाच दुसरा कण देतो. एकाचे दोन, दोनाचे चार. मिलिमीटरभर चालून बाहेर पडेपर्यंत शंभर ते हजारपट. लेझरमध्ये दोन्ही टोकांना आरसे असतात, इथे आरसे मारून टाकावे लागतात. टोकांवर असा लेप देतात की दहा हजारात एक भागही परत फिरू नये, आणि पट्टाही सुमारे सात अंश तिरका काढतात, म्हणजे परतलेला प्रकाश वाटेवर येतच नाही. सेमीकंडक्टर लेझर 1962 साली चालला, आणि त्याचे आरसे काढले तर ॲम्प्लिफायर मिळेल हे लोकांना तेव्हाच कळलं होतं. 1980 च्या दशकात बेल लॅब्ज आणि ब्रिटिश टेलिकॉमच्या प्रयोगशाळांनी त्यावर घाम गाळला.

आणि 1987 साली अर्बियम आला. साउथॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन यांच्या गटाने आणि पाठोपाठ बेल लॅब्जमध्ये एमानुएल देसुर्व्हिर यांनी दाखवलं, की काचेच्या तंतूतच अर्बियम हे मूलद्रव्य चिमूटभर घातलं आणि त्याला बाहेरून लेझरचा प्रकाश पाजला, तर तंतू स्वतःच ॲम्प्लिफायर होतो. समुद्राखालच्या केबलींनी, देशोदेशींच्या महामार्गांनी अर्बियमला डोक्यावर घेतलं. एसओए अडगळीत गेला. त्याचं एक मोठं कारण होतं, आणि त्या कारणासाठीच मी हा लेख लिहितो आहे.

खानदेशातल्या शेतकऱ्याला ते विहिरीवरून लगेच कळेल. विहिरीतलं पाणी म्हणजे वर चढवून ठेवलेले इलेक्ट्रॉन. झरा म्हणजे विजेचा प्रवाह. उपसा म्हणजे आत आलेला प्रकाश. मोटर सुरू केली की पहिल्या वाफ्याला पाणी जोरात येतं. पातळी खाली जाते, दुसऱ्या वाफ्याला धार बारीक होते, तिसऱ्याला आणखी. मोटर बंद करून थांबलं की झरे विहीर पुन्हा भरतात. अर्बियमची विहीर भरायला दहा मिलिसेकंदांच्या घरात वेळ लागतो. सेकंदाला दहा गिगाबिटच्या वेगाने एक बिट शंभर पिकोसेकंदांचा असतो, म्हणजे त्या अवधीत दहा कोटी बिट निघून जातात. इतक्या संथ विहिरीला एकेका बिटाचं काहीच वाटत नाही. ती फक्त सरासरी उपसा ओळखते, आणि प्रत्येक बिटाला सारखंच पाणी देते. एसओएची विहीर दोन-तीनशे पिकोसेकंदांत भरते. बिटांच्या मानाने हा वेळ ना धड लांब, ना धड आखूड. सिग्नल बिघडण्याचं, म्हणजे विकृतीचं, मूळ इथे आहे.

समजा बऱ्याच शून्यांनंतर चार एक आले. प्रकाश नाही, नाही, नाही, मग आहे, आहे, आहे, आहे. पहिल्या एकाला भरलेली विहीर मिळते, तो फुगून बाहेर पडतो. दुसऱ्याला कमी, चौथ्याला सगळ्यात कमी. पलीकडच्या यंत्राने रेघ कुठे ओढायची? पहिल्याच्या उंचीवरून ओढली तर चौथा शून्य वाटेल. प्रत्येक बिटावर मागच्या बिटांची सावली पडते. जाणकार याला पॅटर्न इफेक्ट म्हणतात. एकाच चिपमधून चार तरंगलांबी जात असतील तर एकीच्या उपशाने दुसरीची धार बारीक होते. दोन तरंगलांबी एकमेकींत मिसळून तिसऱ्याच जागी नवा प्रकाशही उभा करतात. आणि इलेक्ट्रॉनांची संख्या बदलली की पट्ट्याचा अपवर्तनांक बदलतो, त्यामुळे एकाच स्पंदाच्या आत प्रकाशाची वारंवारता सरकते: स्पंदाचा पुढचा भाग लालसर बाजूला, मागचा निळसर बाजूला.

या उपशाचं आणि भरण्याचं गणित 1989 साली गोविंद अग्रवाल आणि नील्स ओल्सन यांनी एका शोधनिबंधात इतकं नेटकं मांडलं की आजही त्यापासूनच सुरुवात करतात. अग्रवाल मूळचे काशीपूरचे, लखनौ आणि दिल्ली आयआयटीत शिकलेले, आणि त्याच वर्षापासून अमेरिकेत रोचेस्टर विद्यापीठात. चिपच्या आत क्षणोक्षणी, जागोजागी चाललेला सगळा गोंधळ त्यांनी एकाच समीकरणात बसवला: चिपची एकूण वाढ दर क्षणी किती भरते आणि आत आलेला प्रकाश तिच्यातून किती उपसतो. असं समीकरण हाती आलं की रोग कळतो, आणि रोग कळला की औषधाची आशा वाटते.

आप्पांनी एक अनुभव सांगितला, तो मला या सगळ्या गणितापेक्षा जास्त बोलका वाटला. एका जोडणीवर प्रकाश भरपूर येत होता, पॉवर मीटरवर आकडा छान दिसत होता, तरी एरर थांबत नव्हते. पोरगा वैतागून म्हणाला, "इतली पॉवर शे, तरी एरर कसा?" कनेक्टर पुसून झाले, पॅचकॉर्ड बदलून झाली. शेवटी आप्पांनी मध्ये पाच डीबीचा ॲटेन्युएटर लावला, म्हणजे प्रकाश मुद्दाम तिसऱ्या हिश्श्यावर आणला. एरर गेले. "जास्त झालं की पण बिघडतं," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. तो दुवा आखूड होता, आणि लांब पल्ल्याच्या मॉड्यूलमध्ये झेपेल त्याहून जास्त प्रकाश शिरत होता. प्रकाश कमी केला की उपसा कमी होतो, पातळी हलत नाही, सगळ्या बिटांना सारखी धार मिळते. विकृती कमी करण्याचा हा पहिला, सगळ्यात जुना आणि आजही सगळ्यात जास्त वापरला जाणारा उपाय. समीकरण न पाहता आप्पा त्याच उत्तराला पोचले होते, आणि माझ्या मते कुठल्याही प्रयोगशाळेत ते उत्तर पूर्ण गुणांचं ठरलं असतं.

पण त्याची किंमत आहे. एसओए स्वतःही खरखर करतो. काही इलेक्ट्रॉन कुणी न बोलावता खाली उतरतात आणि भलताच प्रकाश देतात. आत येणारा सिग्नल फार दुबळा केला तर तो या खरखरीत बुडतो. वर विकृती, खाली खरखर, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत चालायचं. संशोधकांची पुढची तीस-पस्तीस वर्षं ही पट्टी रुंद करण्यात गेली.

विजेच्या ॲम्प्लिफायरने हा प्रश्न केव्हाच सोडवला होता. 2 ऑगस्ट 1927 रोजी हॅरॉल्ड ब्लॅक हा बेल लॅब्जचा अभियंता हडसन नदीच्या बोटीतून कामावर चालला होता. हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावर त्याने एक आकृती काढली: बाहेर पडलेल्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून आत सोडायचा, म्हणजे ॲम्प्लिफायर आपली चूक आपणच खोडतो. लांब पल्ल्याच्या टेलिफोनला या कल्पनेने मोठा आधार दिला. प्रकाशाला ती तशीच्या तशी लावता येत नाही. चिपमधून बाहेर पडलेला प्रकाश मोजून, विजेच्या परिपथातून फिरवून परत आणेपर्यंत पाच-पन्नास बिट निघून गेलेले असतात. चूक खोडायला जावं तर चूक करणारा बिट कधीच पुढच्या गावी पोचलेला.

म्हणून प्रकाशाच्या लोकांनी चिपच्या आतच सांडवा काढला. आरसे मारले होते, ते थोडे परत आणायचे, पण फक्त एका ठरावीक, सिग्नलपासून दूरच्या तरंगलांबीसाठी. त्या तरंगलांबीवर चिप लेझर होते. लेझर चालू असताना वाढ आणि तूट तंतोतंत बरोबर असावीच लागते, म्हणजे विहिरीची पातळी सांडव्यावर बांधली जाते. सिग्नलने पाणी उपसलं तर तेवढंच सांडव्यातून कमी वाहतं, पातळी हलत नाही. कल्पना इतकी सुरेख, की पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पान मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो. कॅलिफोर्नियातल्या जेनोआ नावाच्या कंपनीने 2000 नंतरच्या पहिल्या दोन वर्षांत तिला आणखी पुढे नेलं. त्यांनी सांडव्याचा लेझर चिपच्या लांबीला आडवा, उभ्या दिशेने बसवला, म्हणजे पट्ट्याच्या प्रत्येक बिंदूवर पातळी बांधलेली. पण दूरसंचाराचा फुगा तेव्हाच फुटत होता. 2003 मध्ये जेनोआचा कारभार फिनिसार या कंपनीकडे गेला.

बाजार पडला हे एक झालं. सांडव्यातही खोट आहे. लेझरला स्वतःची डोलण्याची सवय असते. त्याला धक्का दिला की तो काही गिगाहर्ट्झच्या वारंवारतेने हेलकावे खातो, आणि सिग्नलची चढउतार त्या वारंवारतेच्या आसपास आली की सांडवाच हिंदकळू लागतो. सिग्नल फार जोरात आला तर सांडवा कोरडा पडतो आणि बांधलेली पातळी एकदम सुटते. सावकाश बिघडणाऱ्या साध्या एसओएपेक्षा हा बिघाड अचानक आणि वाईट. शिवाय सांडव्यातून जे वाहून जातं ते सिग्नलला मिळत नाहीच.

दुसरी वाट विहिरीचा झराच वेगवान करण्याची. आणखी एक स्थिर प्रकाश सतत आत सोडून ठेवायचा, म्हणजे इलेक्ट्रॉनांची ये-जा आधीच जोरात राहते आणि पातळी लवकर सावरते. उपाय सरळ आहे, पण जास्तीचा लेझर लागतो आणि वाढ घटते. त्याहून मूलगामी उपाय क्वांटम डॉटचा. 1982 साली जपानमध्ये आराकावा आणि साकाकी यांनी मांडलं, की इलेक्ट्रॉनांना दहा-वीस नॅनोमीटरच्या बेटांत कोंडलं तर लेझर फार चांगला होईल. पुढे फुजित्सूच्या प्रयोगशाळेने अशा बेटांचे एसओए केले. बेटं रिकामी झाली की भोवतालच्या थरातले इलेक्ट्रॉन काही पिकोसेकंदांत त्यांत उतरतात. मोठी विहीर आणि तिच्या तोंडाशी पटकन भरणारं डोणगं, असं काहीसं. पण बेटं आपापली उगवतात आणि सगळी सारख्या आकाराची उगवत नाहीत. ती चपटी असतात, त्यामुळे एका दिशेने डोलणारा प्रकाश वाढवतात आणि काटकोनात डोलणाऱ्याकडे पाठ फिरवतात. तंतूतून आलेल्या प्रकाशाच्या डोलण्याची दिशा तर तापमान आणि केबलवरचा ताण बदलला की बदलते.

तिसरी वाट चिपला हात न लावण्याची आहे, आणि मला ती मनापासून आवडते. पॅटर्न इफेक्टमध्ये जो बिट जास्त फुगतो, त्याची वारंवारताही लालसर बाजूला जास्त सरकते. म्हणजे जखमेनेच आपली खूण ठेवलेली असते. चिपच्या पुढे एक फिल्टर असा ठेवायचा की तो लालसर बाजू जास्त अडवेल. फुगलेला बिट आपोआप जास्त कापला जातो, दबलेला तसाच सुटतो, उंची सारखी होते. नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हेनच्या गटाने निळसर बाजूला सरकवलेला फिल्टर लावून एसओएकडून सेकंदाला 320 गिगाबिटचं काम करून घेतलं. ज्या चिपला दहा गिगाबिट जड जात होते तिच्याकडून! मात्र फिल्टर नॅनोमीटरच्या अंशांत जागेवर राहिला पाहिजे, आणि सिग्नलची तरंगलांबीही हलता कामा नये. प्रयोगशाळेच्या टेबलावर हे जमतं.

चौथी वाट सिग्नलच बदलण्याची. प्रकाश आहे-नाही असं लिहिण्याऐवजी प्रकाश सतत ठेवायचा आणि त्याची कला, म्हणजे फेज, बदलून लिहायचं. उपसा एकसारखा राहिला तर पातळी कशाला हलेल? आणि पाचवी वाट, सगळं बिघडू देऊन शेवटी गणिताने सुधारण्याची. अग्रवाल–ओल्सन समीकरण उलट्या दिशेने चालवायचं. बाहेर काय आलं ते माहीत आहे, तर आत काय गेलं होतं ते काढायचं. त्यासाठी प्रकाशाची ताकद आणि कला दोन्ही मोजणारं ग्राहक यंत्र आणि त्यामागे मोठी अंकीय चिप लागते. लांब पल्ल्याच्या महाग जोडण्यांत अशी यंत्रं आता रुळली आहेत.

2017 साली नोकिया बेल लॅब्जच्या फ्रान्समधल्या गटाने जुन्या बदनाम एसओएला पुन्हा मंचावर आणलं. खास घडवलेल्या एसओएतून त्यांनी शंभर नॅनोमीटरचा अखंड पट्टा, शंभर किलोमीटर, सेकंदाला 115 टेराबिट एवढी वाहतूक दाखवली. अर्बियमचा नेहमीचा पट्टा पस्तीस-चाळीस नॅनोमीटरचा असतो. विकृती तिथे आटोक्यात राहायला एक साधी गोष्ट कामी येते: असंख्य तरंगलांबी एकदम जात असल्या की कुणाचा एक आणि कुणाचा शून्य मिळून एकूण उपसा जवळजवळ स्थिर राहतो.

एवढं वाचून परत दोंडाईच्याच्या ताडपत्रीवर यायचं, तर काळजी वाटते. मोठ्या शहरांदरम्यान अर्बियमने भागेल, महाग अंकीय यंत्रांनीही भागेल. तालुका ते खेडं या टप्प्यात ते परवडत नाही. घराघरांत जाणाऱ्या जीपॉन जोडणीचंच बघा. एक तंतू येतो, त्याचे फाटे फुटत बत्तीस घरांत जातात. नुसत्या बत्तीस फाट्यांत सतरा डीबी जातात, वीस किलोमीटर तंतूत सात. नेहमीच्या यंत्रांना 28 डीबीपर्यंतच झेपतं, म्हणून साधा पल्ला वीस किलोमीटरचा. आपल्याकडची गावं अशी वीस किलोमीटरच्या वर्तुळात बसवून घेतलेली नाहीत. मध्ये ॲम्प्लिफायर ठेवून पल्ला साठ किलोमीटरपर्यंत नेण्याचं मानक 2008 सालीच निघालं. घराकडून येणारा सिग्नल 1310 नॅनोमीटरवर असतो, तिथे अर्बियमचा काही उपयोग नाही. एसओए कामाला येतो.

आणि घराकडून येणारा सिग्नल एसओएसाठी सगळ्यात वाईट. प्रत्येक घर आपली पाळी आली की बोलतं, मग गप्प. जवळच्या घराचा प्रकाश लांबच्या घरापेक्षा तीसपट जोरात असू शकतो. जवळच्याने विहीर उपसून घ्यायची आणि लगेच पाठोपाठ लांबच्या वस्तीतल्या दुबळ्या सिग्नलने यायचं, असा हा प्रसंग. वस्ती जितकी लांब तितका हा अन्याय जास्त. विकृती कमी करणं हा विषय मला म्हणूनच शोधनिबंधापुरता वाटत नाही.

त्यात आपला उन्हाळा. खानदेशात मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो. चिप तापली की तिची वाढ घटते. ती थंड ठेवायला मॉड्यूलमध्येच विजेवर चालणारी बारीक शीतक-पट्टी असते, आणि बोटभर मॉड्यूलला लागणाऱ्या काही वॅटमधला मोठा वाटा ती खाते. बाहेरचं कपाट तापलेलं, पंख्यात मिरचीची नाही तर मातीची धूळ अडकलेली, वीज गेलेली आणि बॅटरी जुनी. कनेक्टरवर धुळीचा कण बसला तर प्रकाश तिथून मागे परततो. ज्या चिपचे आरसे मारायला दहा हजारात एकाची शिस्त पाळली, तिच्या दारात धुळीने नवा आरसा उभा केलेला असतो. आप्पा कनेक्टर लावण्याआधी दर वेळी पुसतात, झाकण काढून ठेवलेला कनेक्टर दिसला की पोराला रागावतात. त्या रागामागचं भौतिकशास्त्र कुणी त्यांना शिकवलेलं नाही. खरं म्हणजे शिकवायला हवं होतं. जोडणी करणाऱ्यांना तंतूचं प्रशिक्षण मिळतं. मॉड्यूलच्या आत काय चालतं ते कुणी सांगत नाही. मग भरपूर प्रकाश आणि तरीही एरर, अशा वेळी पाच डीबीचा ॲटेन्युएटर सुचणारा माणूस त्या पाळीवर असला तर जोडणी चालते, नसला तर मॉड्यूल फेकून नवं मागवलं जातं.

मॉड्यूल घडवण्याच्या बाबतीत आपण अजून बरेच मागे आहोत. काच आपल्याकडे होते. छत्रपती संभाजीनगरला वाळूज आणि शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींत काचेच्या कांड्यांपासून तंतू ओढला जातो. 2021 च्या डिसेंबरात केंद्राने सेमीकंडक्टरसाठी 76 हजार कोटी रुपयांचा कार्यक्रम जाहीर केला, त्यात संयुग सेमीकंडक्टर आणि सिलिकॉन फोटॉनिक्स यांचाही समावेश आहे. सिलिकॉनवर प्रकाशाच्या वाटा कोरता येतात, पण सिलिकॉन स्वतः नीट प्रकाश देत नाही. ॲम्प्लिफायर हवा तर इंडियम फॉस्फाइडचा तुकडा त्यावर चिकटवावाच लागतो. कारखान्यांच्या घोषणा ऐकताना मी आता हा तुकडा कुठून येणार, एवढाच प्रश्न विचारतो.

माझं मत विचाराल तर खेड्यापाड्यांच्या जोडणीसाठी सांडवे, बेटं, फिल्टर यांतलं काही उद्या येणार नाही. साधा एसओए, त्याच्या प्रवाहावर आणि आत शिरणाऱ्या प्रकाशावर शहाणं नियंत्रण, आणि प्रकाश घेणाऱ्या बाजूला जमेल तेवढं स्वस्त गणित, यावरच भागवावं लागेल. त्यातलं गणित इथे बसून करता येण्यासारखं आहे. शिरपूर, धुळे, जळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना माझं एक सांगणं आहे. अग्रवाल–ओल्सन समीकरण हे एकच साधं विकलन समीकरण आहे. पायथन किंवा ऑक्टेव्ह फुकट मिळतं, लॅपटॉप पुरतो. वाढ तीस डीबी धरा, भरण्याचा वेळ तीनशे पिकोसेकंद, संपृक्ततेची ऊर्जा काही पिकोज्यूल, आणि त्यातून शून्य-एकांची एक माळ सोडून बघा. पहिला एक फुगलेला आणि चौथा दबलेला पडद्यावर दिसेल. मग आत येणारा प्रकाश पाच डीबीने कमी करा. मग एका जवळच्या आणि एका लांबच्या घराची पाळी पाठोपाठ लावा, आणि लांबच्या घराला न्याय मिळेल असा प्रवाहाचा नियम शोधा. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी यापेक्षा कामाचा विषय मला तरी माहीत नाही. आकडे ताडून बघायला आपल्या गावातल्या स्प्लायसिंगवाल्याला गाठा. कुठल्या दुव्यावर प्रकाश भरपूर असून एरर येतात, हे त्याला तोंडपाठ असतं.